पोरवयातलं बाळंतपण आणि मनाचं दुखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १९ वर्षांखालच्या गर्भवती आणि बाळंतीण मुलींसाठी, त्यांच्या आई-सासूसाठी, नवऱ्यासाठी आणि नाशिक जिल्ह्यातल्या आशाताई-अंगणवाडीताईंसाठी आहे. लोक ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत प्रश्न ठेवले आहेत.

बाळंतपणानंतर रडू येतंच की. त्यात आजार कसला?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, तेव्हाच शरीरातले हार्मोन झपाट्याने खाली येतात. विनाकारण रडू येणं, चिडचिड, जीव घाबरा होणं हे बहुतेक बाळंतिणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही. झोप, जेवण आणि जवळ बसणारं माणूस एवढं पुरतं.

दोन आठवडे उलटूनही मन उतरलेलंच असेल, कशातच गोडी वाटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही हिला झोप लागत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ हे पुन्हापुन्हा मनात येत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते गरोदरपणातच सुरू होऊ शकतं, तसंच बाळ आठ-नऊ महिन्यांचं झाल्यावरही.

पोरवयातल्या आईत ते वेगळं दिसतं. ती रडतेच असं नाही. गप्प होते, भांडी आपटते, मोबाइलमध्ये डोकं घालून बसते, बाळ रडलं तरी उठत नाही. विचारलं तर ‘डोकं जड आहे’, ‘कसंतरी होतंय’ इतकंच सांगते. घरात तिला आळशी किंवा उद्धट ठरवलं जातं, आणि तिथेच दोन-तीन महिने वाया जातात.

एवढ्या लहान मुलींनाच जास्त का होतं?

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुमारे २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळलं. म्हणजे पाचातल्या एकीला. वय कमी असलं की त्यावर आणखी ओझी चढतात. या वयाच्या शरीराला मुळातच रात्री आठ ते दहा तास झोप लागते, ती तुटते. शाळा आणि मैत्रिणी सुटलेल्या असतात. रक्त कमी असतं. बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आई वॉर्डात आणि बाळ काचेच्या पेटीत अशी ताटातूट होते. लग्न तिला विचारून झालेलं असेलच असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं होतं.

गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं या गोष्टींचा बाळंतिणीच्या नैराश्याशी थेट संबंध दिसला. नाशिकमध्येही बारशाला कोणी ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणतं आणि त्याच घरात पेढ्यांऐवजी सुस्कारे वाटले जातात. मुलीला ते कळतं.

हे खरंच टाळता येतं का, की नशिबाचा भाग?

पुष्कळ प्रमाणात टाळता येतं. अमेरिकेतल्या आरोग्यविषयक प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाने २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. जोखीम असलेल्या स्त्रियांना आधीच समुपदेशन मिळालं, तर नैराश्याचा धोका सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होतो असं त्यातून दिसलं. कोणतंही समुपदेशन नव्हे. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं, किंवा जवळच्या माणसांशी नातं सांभाळायला शिकवणारं.

खास अल्पवयीन मुलींसाठी अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्यात एक कार्यक्रम आखला गेला. १७ वर्षे किंवा त्याहून लहान अशा १०६ गर्भवती मुली त्यात होत्या. प्रसूतीच्या आधी तासाभराच्या पाच बैठका आणि नंतर एक. पहिल्या सहा महिन्यांत या बैठका मिळालेल्यांपैकी १२.५ टक्के मुलींना नैराश्य आलं, नुसती आरोग्य-माहिती मिळालेल्यांपैकी २५ टक्के मुलींना. मुलींची संख्या लहान असल्यामुळे हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. तरी दिशा स्पष्ट आहे, आणि खर्च जवळपास नाहीच.

मग या पाच बैठकांत करायचं काय?

पाचवा महिना लागला की सुरुवात करावी. आठव्या-नवव्या महिन्यात मुलगी माहेर-सासरच्या धावपळीत असते, तेव्हा तिचं लक्ष लागत नाही. बैठक आशाताई, सिस्टर, समुपदेशक कोणीही घेऊ शकतं, पण पाचही वेळा माणूस एकच हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तपासणी असते, तिला जोडून बसलं तर वेगळी खेप पडत नाही.

पहिल्या बैठकीत फक्त काय होऊ शकतं ते सांगावं: रडू किती दिवस येईल, कधी काळजी करायची. दुसऱ्या बैठकीत कागदावर तीन गोल काढावेत. आतल्या गोलात रात्री दोन वाजता हाक मारता येईल अशी माणसं, मधल्यात कामाला मदत करणारी, बाहेरच्यात नुसती ओळखीची. बहुतेक मुलींचा आतला गोल एका नावावर थांबतो, काहींचा रिकामाच राहतो. बैठकांचं पुढचं सगळं काम म्हणजे त्या गोलात आणखी दोन नावं आणणं: मावशी, मोठी जाऊ, शेजारची वहिनी, शाळेतली मैत्रीण.

तिसरी आणि चौथी बैठक आमच्या मते सगळ्यांत मोलाची. इथे मागणं शिकवायचं. मुलीला मागता येत नाही, कारण तिला कोणी कधी मागू दिलेलं नसतं. आशाताईने सासू व्हावं आणि मुलीने बोलून दाखवावं. पहिल्यांदा ती खाली बघून गप्प बसते, किंवा एकदम म्हणते, ‘मी काय मोलकरीण आहे का?’ दोन्हींतून झोप मिळत नाही. मग वाक्य बांधून द्यावं:

‘आई, बाळाला पाजून झालंय. मी दोन तास पडते. तेवढा वेळ त्याला तुमच्याजवळ घ्याल का?’

काय झालं, मला किती वेळ हवा, तुम्ही नेमकं काय करावं, हे तिन्ही त्यात आहे. ‘मला कोणी मदतच करत नाही’ या वाक्यात यातलं काहीच नाही, म्हणून त्याचं भांडण होतं. तेच वाक्य पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून घ्यावं, आवाज स्थिर होईपर्यंत. नंतर तिचं स्वतःचं एखादं मागणं घेऊन तीच कसरत करावी.

पाचव्या बैठकीला घरचं एक माणूस बोलवावं आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांची कामं नावानिशी लिहून काढावीत. सहावी बैठक बाळ झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

फसतं कुठे? बैठकीचं प्रवचन झालं की फसतं. ‘आनंदी राहा, टेन्शन घेऊ नको’ हे सांगून कोणाचंही टेन्शन गेलेलं नाही.

रात्रीची झोप कशी जमवायची? पाजायला तर तिलाच उठावं लागतं.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, त्यामुळे पहिले तीन-चार आठवडे सलग झोप मिळणार नाही. पण पाजण्याखेरीजचं सगळं दुसऱ्याने करावं. रात्री बाळ रडलं की आजीने उचलून आईजवळ द्यावं, पिऊन झालं की घ्यावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा, निजवावं. मुलीने अंथरुणातून उठायचंच नाही. एका पाजण्यामागे अर्धा तास वाचतो, रात्रीतून चार वेळा म्हणजे दोन तास.

महिन्यानंतर दूध नीट बसलं की एक पायरी पुढे जावं. संध्याकाळी सात-साडेसातला हात स्वच्छ धुऊन, उकळलेल्या वाटीत दूध काढून झाकून ठेवावं. फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये, नसेल तर सावलीत गार जागी, तेही चार तासांच्या आत वापरायचं. एप्रिल-मेच्या उकाड्यात फ्रीजशिवाय हा खटाटोप करू नये. नऊला पाजून मुलीने झोपावं, अकराच्या आतबाहेर बाळ उठलं तर आजीने किंवा नवऱ्याने काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजावं. बोंडलं शक्यतो नको, त्याची तोटी आतून नीट घासली जात नाही आणि बाळाला जुलाब लागतात. असं केलं की नऊ ते एक-दीड अशी चार-साडेचार तासांची सलग झोप मिळते. तुकड्यातुकड्यांतल्या झोपेपेक्षा ती मनाला जास्त सावरते.

दुपारी पाहुणे येतात, ‘बाळ दाखव’ म्हणतात आणि बाळंतीण उठून बसते. दारावर दुपारी एक ते चार कोणी येऊ नये असं सांगायचं धाडस घरातल्या मोठ्या बाईने करावं. मुलीला ते जमणार नाही.

सव्वा महिना झाला. आता सासरी पाठवलं तर चालेल ना?

चालेल, पण नीट तयारी करून. या जिल्ह्यात पोरवयातल्या आया नजरेआड होतात त्या नेमक्या इथेच.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आशाताईच्या घरभेटी दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. म्हणजे बेचाळीस दिवस कोणी ना कोणी विचारपूस करतं. डिंकाचे, अळिवाचे लाडू असतात, शेक असतो, आईचा हात असतो. मग तिसऱ्या महिन्याच्या आसपास ती सासरी जाते. तिथे पाणी भरणं, भाकऱ्या, शेतातलं काम वाट बघत असतं. माहेरच्या आशाताईच्या वहीत तिचं काम पूर्ण झालेलं असतं, सासरच्या आशाताईला ती आल्याचं कळलेलं नसतं. त्यानंतरच्या आशा-भेटी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत असतात, पण त्या ज्या गावात बाळाची नोंद आहे तिथेच.

म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर आधी तीन कामं करावीत. माहेरच्या आशाताईने सासरच्या आशाताईला फोन करून मुलीचं नाव, बाळाची तारीख आणि मनाची तपासणी कधी झाली ते कळवावं. माता-बाल संरक्षण कार्ड मुलीच्या पिशवीत जावं, आईच्या कपाटात राहू नये. आणि सासरी पोचल्यावर पहिले पंधरा दिवस कोणती कामं ती करणार नाही, हे दोन्हीकडच्या मोठ्यांनी समोरासमोर ठरवावं. मुलीवर सोडलं तर ती ‘हो’ म्हणते आणि सगळंच करते.

द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांवर कामाला येतात. मुलगी बाळासह बागेवर आली तर गावाकडच्या अंगणवाडीतला अमृत आहार योजनेचा चौरस आहार मागे राहतो आणि आशाताईही. बाग ज्या गावच्या शिवारात आहे तिथल्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात नाव सांगावं. बाळाची लस कुठल्याही गावात मिळते, तो तिचा हक्क आहे.

मनाची तपासणी म्हणजे काय? ती कोण करतं?

एडिनबर्ग प्रश्नावली नावाचा दहा प्रश्नांचा तक्ता आहे. १९८७ पासून जगभर वापरात आहे आणि मराठीतही आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. १० किंवा जास्त आले तर दोन आठवड्यांत पुन्हा भेटावं, १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून काहीही आलं, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टर.

वेगळा दिवस शोधू नका. बाळाच्या लसी दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांना असतात आणि लसीला मुलगी येतेच, मग ती माहेरी असो वा सासरी. त्याच दिवशी दहा प्रश्न, पाच मिनिटं.

एक चूक मात्र सगळीकडे होते. सासू शेजारी बसलेली असताना प्रश्न मोठ्याने वाचले जातात आणि मुलगी दहाही उत्तरं ‘छान आहे’ अशी देते. लसीनंतर बाळ अर्धा तास थांबवायचं असतंच. बाळाला आजीकडे बाहेर द्यावं आणि मुलीला ‘वजन करायचंय’ म्हणून आत घ्यावं. वाचता येत नसेल तर हळू आवाजात वाचून दाखवावं.

रक्त कमी असल्याचा मनाशी काय संबंध?

थकवा, धाप, चिडचिड, कशात लक्ष न लागणं ही रक्तक्षयाचीही लक्षणं आहेत आणि तो नैराश्याला खतपाणीही घालतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की कमी समजावं. लोह-फॉलिक अ‍ॅसिडची रोज एक गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. दुसऱ्या अर्ध्या भागाचा बहुतेकींना पत्ताच नसतो. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. गोळ्या चालू असूनही अंगात त्राण नसेल, छाती धडधडत असेल किंवा वजन भलतंच घटत-वाढत असेल तर थायरॉईडची तपासणी मागून घ्यावी. बाळंतपणानंतर काहींचं थायरॉईड बिघडतं आणि हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं.

नवरा सातपूरला शिफ्टमध्ये आहे, तो काय करणार?

रात्रपाळी नसेल तेव्हा रात्रीचं एक पाजणं. रोज बाळाला अंघोळ किंवा मालिश, पण एक काम पूर्ण त्याचं. आणि आईसमोर बायकोची बाजू घेणं: ‘तिला झोपू दे, मी बघतो.’ बाकी भेटवस्तूंपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी आहे.

बाहेरचं लागलं असेल म्हणून भगताकडे नेलं तर?

घरच्यांना धीर मिळत असेल तर दृष्ट काढा, अंगारा लावा. तीन गोष्टी मात्र होऊ देऊ नका: उपाशी ठेवणं, कोंडून धुरी देणं, मारणं किंवा डागणं. डॉक्टरांचं औषध चालू असेल तर ते बंद करायचं नाही. मुलगी काहीबाही बडबडते, कोणी दिसतं किंवा ऐकू येतं म्हणते, रात्र-रात्र झोपत नाही तरी थकत नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते, असं असेल तर ती प्रसूतीनंतरची मनोविकृती असू शकते. हजारात एक-दोघींना होते, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. तिला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावं, १०८ ला फोन करावा आणि तोवर बाळाला आणि तिला एकटं ठेवू नये. उपचारांनी ती पूर्ण बरी होऊ शकते.

‘मला जगायचं नाही’ म्हणते. मनावर घ्यायचं का?

हो, पहिल्यांदाच. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट हलका होतो. थेट विचारा: ‘मरायचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ उत्तर काहीही येवो, घरातली फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध त्याच तासाला कुलपात किंवा शेजारी हलवा. द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्यात हे डबे पडवीत उघड्यावर असतात, आणि एका क्षणाची उबळ तिथे जिवावर बेतते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मारहाण होत असेल तर महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ सुद्धा.

मुलगी सतराची आहे. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील, म्हणून नावच नोंदवलं नाही.

ही भीती खरी आहे, तिला उडवून लावू नये. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. १८ वर्षांखालची मुलगी गर्भवती असल्याचं कळलं तर दवाखान्याला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. पण नाव लपवण्याची किंमत मुलगी भरते: तपासणी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, बैठका नाहीत, आणि कळा सुरू झाल्यावर ऐन वेळी दवाखाना गाठल्यावर पोलीस येतातच.

तिला हे आधी माहीत असावं. जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. बाल कल्याण समिती तिला सहाय्यक व्यक्ती देऊ शकते, जी पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत राहते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि आशाताईंनो, मुलीने मन मोकळं करायच्या आधी सांगा की कोणती गोष्ट तुम्ही स्वतःजवळ ठेवू शकता आणि कोणती कळवावी लागते. नंतर कळलं तर ती पुन्हा कोणालाच काही सांगणार नाही.

नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या तर अंगावर पाजायचं बंद करावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फारच थोडं उतरतं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, ‘चार दिवस घेतल्या, फरक नाही’ म्हणून सोडू नये आणि बरं वाटलं म्हणून अचानकही थांबवू नये. २५ वर्षांखाली या गोळ्यांच्या पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला भेट हवी आणि गोळ्यांचं पाकीट घरातल्या मोठ्या माणसाकडे. घरात कोणाला कधी ‘डोकं फिरल्यासारखं’ झालं होतं का, हे डॉक्टरांना आधी सांगावं, त्यावरून औषध बदलतं. सौम्य नैराश्यात आधी समुपदेशनच.

दहावी अर्धवट राहिली. आता कशाला शाळा?

कारण पुढे काहीतरी आहे असं वाटणं हेसुद्धा औषधच आहे. बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसता येतं. फॉर्मची मुदत आधी विचारून ठेवावी. अभ्यासाला दुपारचा एक तास, बाळ त्या वेळी कोणाकडे हेही लिहून ठरवावं.

लगेच दुसऱ्यांदा दिवस जातील ही धास्ती आहे.

ही धास्तीही मन पोखरते. प्रसूतीनंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, सहा आठवड्यांनी अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, छाया गोळ्या अंगावर पाजत असतानाही घेता येतात. सरकारी दवाखान्यात तिन्ही मोफत. चर्चा सातव्या-आठव्या महिन्यातच करावी, कळांच्या वेळी नाही. इंजेक्शननंतर मन जास्त उतरल्यासारखं वाटलं तर सिस्टरला सांगून पद्धत बदलावी.

बाळ सहा महिन्यांचं झालं, सगळं ठीक आहे. आता थांबायचं का?

नाही. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होतं, दात येतात, झोप पुन्हा मोडते, आणि घरच्यांना वाटतं आता ही पूर्ण कामाला लागली. नऊ महिन्यांच्या लसीला दहा प्रश्न परत विचारा, वर्षाच्या वाढदिवसाआधी आणखी एकदा. आणि एकदा नैराश्य येऊन गेलं असेल तर पुढच्या गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत ते डॉक्टरांना सांगा आणि कार्डावर लिहून घ्या.